बाब क्रमांक सत्तेचाळीस

३ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे लिहिलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, म्हणून आधीच सांगतो, हे पत्र माफीचं नाही. तुझं घर माझ्या दुकानापासून तीन गल्ल्यांवर आणि मी तिकीट लावून पत्र पाठवतोय, हे तिकीट घेतानाच पोस्टमनलाही चमत्कारिक वाटलं. "जाऊन देत का नाही?" म्हणाला. मी म्हटलं, वाटायचं काम तुझं आहे, तू वाट.

तीन वर्षं झाली. मी वाचनालयातला संध्याकाळचा वर्ग बंद केला आणि तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवायचा वर्ग, शिकणारे अकरा, वर्षाचा खर्च अठरा हजार. मी नगरपालिकेच्या वित्त समितीचा अध्यक्ष, मी भागाकार केला. दरडोई खर्च जास्त आला, बाब कापली. तू ग्रंथपाल म्हणून भर सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ह्याला भागाकार मीच शिकवला, तिथेच चुकलं." सगळी सभा हसली. मीही हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही. त्यानंतर तू माझ्याकडे बघितलेलंही नाहीस. रस्त्यात मी समोरून आलो की तुला पलीकडच्या फुटपाथवर अचानक काम निघतं.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. मला एक होडी सापडली आहे.

आपला अर्थसंकल्प कसा होतो ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षीचा उघडायचा, प्रत्येक आकड्यात शंभरामागे पाच वाढवायचे, झालं. मी मात्र यंदा पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आणि बाब क्रमांक सत्तेचाळीस अशी निघाली: "नदीवरील होडी. डागडुजी, रंग, दोर व होडीवाल्याचे मानधन." नदीवर पूल होऊन बावीस वर्षं झाली, ताई. होडी मी शेवटची पाहिली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

आता ऐक. ह्या होडीला दरवर्षी सहा डबे रंग लागतो. गावात रंगाचं दुकान एकच, ते माझं. आणि मी होडीसाठी आजवर एक डबा विकलेला नाही. कुणीतरी नगरपालिकेला शेंडी लावतंय. मी ह्याचा छडा लावणार आहे. माझ्यावर हसणाऱ्यांना कळू दे, वित्त समिती कशासाठी असते ते.

हिची तब्येत बरी आहे. गुडघ्यांसाठी रोज संध्याकाळी तासभर फिरायला जाते. गुडघे होते तसेच आहेत, पण चेहऱ्यावर तेज आलंय.

उत्तर पाठवलंस तर वाचीन. नाही पाठवलंस तरी मी लिहिणार आहे.

तुझा धाकटा भाऊ

१४ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

मी होडीची फाइल मागितली. हिशेबनीसकाका तुझ्या ओळखीचेच, चाळीस वर्षं त्याच खुर्चीत, चष्मा कपाळावर. पहिल्या दिवशी म्हणाले, फाइल बांधणीला गेली आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कपाटाची किल्ली सापडत नाही. तिसऱ्या दिवशी किल्ली मी स्वतः दुकानातून घेऊन गेलो, तसल्या कुलपांना लागणाऱ्या सव्वीस. बाविसावी लागली. काकांनी एकदा किल्लीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागवला.

फाइल मोठी मजेशीर निघाली. पूल झाल्यापासून एकोणीस वर्षं होडीवर एक पैसाही खर्च नाही. वर्षअखेरीला रक्कम जशीच्या तशी तिजोरीत परत. मग तीन वर्षांपूर्वी अचानक होडीला जाग आली. तेव्हापासून शेवटच्या पैशापर्यंत खर्च. मी विचारलं, "काका, पावत्या कुठायत?" ते म्हणाले, "आहेत. व्यवस्थित आहेत. पण साहेब, तुम्हाला नक्की बघायच्यात का?" मला हा प्रश्नच उद्धट वाटला. मी म्हटलं, पावत्यांचं नंतर बघू, आधी होडी बघू.

समितीत विषय काढला. पूलवाले इंजिनिअर, म्हणजे निवृत्त झाले तरी आपल्या पुलाबद्दल अजून बोलणारे तेच, खुर्चीतून उडालेच. "माझा पूल असताना होडी? हा माझ्या पुलाचा अपमान आहे." औषधाच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "अध्यक्षांचं दुखणं कळलं मला. रंग त्यांच्याकडून घेतला नाही ना." मी एवढं डोळ्यांत तेल घालून काम करतोय आणि लोकांना माझा धंदा दिसतो. शेवटी ठराव झाला, पुढच्या रविवारी सकाळी पूर्ण समितीने नदीवर जाऊन पाहणी करायची.

परवा वाचनालयावरून जाताना मागच्या खोलीत दिवा दिसला. पुस्तकांना कव्हरं घालत बसतेस वाटतं एवढ्या उशिरापर्यंत. डोळ्यांना जप.

हे पत्र दोन दिवस टेबलावर अर्धवट पडलं होतं. आमच्याकडे एक बरं आहे, हिला वाचता येत नाही, त्यामुळे काही झाकून ठेवावं लागत नाही. विजेचं बिलसुद्धा मीच वाचून दाखवतो. ती नीट ऐकून घेते आणि "बरं" म्हणते.

तुझा धाकटा भाऊ

२२ फेब्रुवारी

ताई,

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, कारण गावात तुला हे कुणीतरी सांगणारच आहे, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण नदीवर पोहोचलो. आणि होडी होती. चकचकीत हिरवी, खुंट्याला बांधलेली. हिशेबनीसकाका शेजारी उभे, चष्मा कपाळावर, जणू काही लग्नात नवऱ्यामुलाच्या बाजूचे. माझं तोंडच पडलं. पूलवाले म्हणाले, "आहे की होडी. अध्यक्षमहाराज, उगाच सुट्टी घालवलीत आमची."

मला ते लागलं. मी म्हटलं, नुसती बघून काय कळतं, बसून बघू. सगळे नको म्हणत होते. मीच आग्रह केला, तोही नियम सांगून. पाहणी म्हणजे प्रत्यक्ष वापर, असा नियम आहे की नाही ते मला माहीत नाही, पण तेव्हा मी तो ठासून सांगितला. पाच जण बसलो. औषधवाल्या बाई मधोमध, पर्स मांडीवर.

बसल्याबरोबर पहिली गोष्ट कळली ती अशी की रंग ओला आहे. दुसरी गोष्ट, पाणी आतही आहे. काका काठावरून शांतपणे म्हणाले, "साहेब, बोलू का थोडं?" मी म्हटलं, आत्ता नाही. मग होडी काही न बोलता खाली बसली. बुडाली असं म्हणणार नाही, कारण तिथे पाणी गुडघाभरच होतं. आम्ही पाच जण जसे बसलो होतो तसेच बसून राहिलो, फक्त पाणी कमरेपर्यंत आलं. बाईंनी पर्स डोक्यावर धरली. पूलवाले एवढे भिजले तरी वर बघून म्हणाले, "तो बघा माझा पूल. एक थेंब गळत नाही."

तेवढ्यात एक मासेमार काठावरून ओरडत आला, माझी होडी हिरवी कुणी केली म्हणून. ती त्याची होती, गेल्या वर्षापासून फुटलेली, काकांनी एका दिवसासाठी मागून आणलेली. आणि ताई, आता खरी गंमत. तो हिरवा रंग. शनिवारी संध्याकाळी काका माझ्या दुकानात आले होते, एक डबा हिरवा आणि दोन इंची ब्रश घेऊन गेले. मी वर सूट दिली. वित्त समितीच्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने.

घरी आलो तर ही दारातच उभी. पँटकडे बघितलं आणि पदर तोंडावर धरून आत गेली. एवढी हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

पण गंमत इथे संपते. होडी नाही म्हणजे चोर आहे. मी ओल्या कपड्यांनीच बसून मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, तीन वर्षांची पूर्ण चौकशी करा, दोषी असेल त्याला घरी बसवा, गरज पडली तर पोलिसांत द्या. त्याच दिवशी त्यांच्या घरी नेऊन दिलं. सहा मार्चला सर्वसाधारण सभा आहे, तिथे अहवाल मी स्वतः वाचणार. गावासमोर तोंडघशी पडलोय, आता चोर धरल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

२७ फेब्रुवारी

ताई,

तू हे पत्र उघडशील की चुलीत घालशील मला माहीत नाही. मी तुझ्या जागी असतो तर उघडलं नसतं.

चौकशी सुरू झाली तेव्हा काकांनी खण उघडून पावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी पहिली उचलली. "दोर" म्हणून पंचवीस वह्या. दुसरी, "रंग" म्हणून खडूचे सहा खोके. "डागडुजी" म्हणजे मागच्या खोलीतले दिवे. आणि प्रत्येक पावतीच्या तळाशी, होडीवाल्याच्या सहीच्या जागी, तुझी सही. तीच, जी माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची, आईला यायला उशीर व्हायचा म्हणून.

मी विचारलं, "मानधन?" काका म्हणाले, "त्यातून कंदील घेतले. वीज जाते ना. ग्रंथपालबाईंनी स्वतःसाठी एक पेन्सिल घेतली नाही. काढलेल्या रकमेतले तीन वर्षांत उरले सत्तर रुपये, तेही इथे पाकिटात आहेत." म्हणजे मी वर्ग कापला आणि तुम्ही दोघांनी तो माझ्या नाकाखाली होडीत बसवून चालवलात. अकराचे एकोणीस झालेत, असंही कळलं. तो मासेमारही त्यातलाच आहे.

मी म्हटलं, काका, आधी सांगितलं का नाही. ते म्हणाले, "साहेब, तीन वर्षांपूर्वी वर्ग कापलात, तेव्हा शिकणाऱ्यांची यादी जोडली होती. परिशिष्ट, पान चौदा. वाचलं होतंत?"

नव्हतं वाचलं. आकडा मुख्य पानावर होता, अकरा, तेवढा भागाकाराला पुरला. परिशिष्ट कोण वाचतो? तिथेच उभ्याउभ्या पान चौदा काढलं. अकरा नावं, सातव्या क्रमांकावर माझी बायको.

घरी गेलो तर ती टेबलाशी बसून माझ्या मागच्या पत्राचा कच्चा खर्डा वाचत होती. बोट फिरवत, ओठ हलवत. मला बघून दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "होडीचं छान लिहिलंय. पण पान संपत आलं तरी माफी काही येत नाही." मी विचारलं, गुडघे? म्हणाली, गुडघ्यांना काही झालेलं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "सांगणार होते. जोडाक्षरं संपली की पत्र लिहून तुम्हाला चकित करायचं, असं ताईंचं नि माझं ठरलं होतं. तेवढ्यात तुम्ही वर्गच बंद केलात, आणि घरी येऊन किती पैसे वाचवले ते मला सांगत बसलात."

ताई, पस्तीस वर्षं मी तिला बिलं वाचून दाखवली. कधी शिकवावं असं मनात आलं नाही.

आणि आता मुद्दा. मी ते चौकशीचं पत्र परत मागायला गेलो होतो. आवक वहीत नोंद झाली आहे, शिक्का बसलाय, परत मिळत नाही. खडू-वह्या वाचनालयात पोचल्या एवढ्या संशयावरून तुला घरी बसवल्याचा आदेश काल निघाला, तो माझ्या मागणीवरून; पावत्यांवरच्या सह्या मात्र अजून मी आणि काकांनीच पाहिल्यात. तुला निवृत्त व्हायला आठ महिने उरलेत. सभेत मी तुझं नाव वाचलं तर पेन्शन जाईल. नाही वाचलं तर काकांच्या एकट्यावर येईल, आणि मी खोटा अहवाल देणारा अध्यक्ष ठरेन. काल रात्रभर दोन अहवाल लिहिले, एकात तू आहेस, एकात नाहीस.

मला काहीच सुचत नाही. भागाकार बरोबर होता एवढंच राहून राहून मनात येतं, आणि त्याचा काही उपयोग नाही. एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझा भाऊ

८ मार्च

वन्सं, नमस्कार.

हे मी लिहिते आहे. सकाळपासून लिहिते आहे. पेन जड लागतं, पण तुम्ही म्हणता तसं, घाई नाही केली की अक्षर सरळ येतं.

निकाल तुम्हाला हिशेबनीसकाकांनी कळवला असेल. पण तो कसा लागला ते त्यांनी सांगितलं नसेल, कारण ते सभेत चष्मा शोधत होते.

सभेच्या आदल्या दिवशी ह्यांनी टेबलावर अहवाल ठेवला. त्यात तुम्ही कुठेच नव्हता. होडीवाला अज्ञात, असं लिहिलं होतं. मी वाचला आणि म्हटलं, हे खोटं आहे. हे म्हणाले, ताईची पेन्शन वाचवतोय. मी म्हटलं, ताईंनी पावती नि पावती जपून ठेवली, ती काय लपवायला? त्यांना लपवायचं असतं तर स्वतःची सही केली नसती. त्या वाट बघत होत्या, कधीतरी तुम्ही नीट वाचाल म्हणून. मग तो कागद त्यांनी फाडला.

सभेला आम्ही सगळे गेलो, वर्गातले एकोणीसही. मागच्या बाकांवर बसलो. हे उभे राहिले आणि सगळं खरं सांगितलं. होडी नाही. पैसे वर्गाला गेले. सह्या माझ्या बहिणीच्या आहेत. बाब बदलून खर्च करणं चूक आहे, त्याची ताकीद तिला द्या, पण एक पैसा कुणी खाल्लेला नाही. मग म्हणाले, वर्ग मी कापला तेव्हा परिशिष्ट वाचलं नव्हतं, त्यात माझ्या घरातलं नाव होतं. न वाचता कापणाऱ्याने अध्यक्ष राहू नये. बोलता बोलता आवाज गेला. औषधवाल्या बाईंनी पर्समधून गोळी काढून दिली.

हे म्हणाले, वर्ग परत सुरू करा, उघडपणे, स्वतःच्या नावाने. तेव्हा पूलवाले उठले. म्हणाले, "तीन वर्षं खडू उडवलेत, त्यातून एकाला तरी वाचता येतं का? पुरावा काय?" वन्सं, मला उठायचं नव्हतं. माझे पाय आपोआप उठले. कुणीतरी म्हणालं, बाहेरच्यांना सभेत बोलता येत नाही. पूलवाले म्हणाले, "बोलू नका. वाचा." आणि अर्थसंकल्पाचं तेच पान माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. होडी, डागडुजी, रंग, दोर. मानधनाला अडले, मग आलं. शेवटची रक्कम तर घडाघडा वाचली, आकडे मला दुकानामुळे आधीच येतात. वाचून झाल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सगळ्यांसमोर रडत होते, आणि रुमाल नव्हता म्हणून अहवालाने नाक पुसत होते.

सात विरुद्ध सहा. सातवा हात पूलवाल्यांचा. होडी गेली, वर्ग आला, अठरा हजार. तुम्हाला आणि काकांना लेखी ताकीद, पेन्शनला हात नाही. सोमवारपासून कामावर या असं सांगितलंय. हे आता समितीत साधे सदस्य आहेत.

आता ह्या पत्राचं. हे परवापासून तुम्हाला पत्र लिहीत होते. आठ पानं झाली. मी वाचली. माफी सातव्या पानावर आहे आणि तीही "जर तुला वाटत असेल तर" अशी सुरू होते. आज हे पत्र पोस्टात न टाकता स्वतः तुमच्या दारात नेऊन देणार म्हणाले. मी म्हटलं, छान, पाकीट मी चिकटवते. त्यांची आठ पानं माझ्याकडे डब्यात आहेत. पाकिटात मी हे ठेवलं आहे. त्यांना माहीत नाही.

तुम्ही हे दारात उभ्या उभ्या वाचत असाल तर ते समोरच उभे असतील, खाली बघत. तुम्ही काय वाचताय ते विचारायची त्यांची हिंमत होणार नाही. त्यांना बोलू द्या. कागदावर जमलं नाही, तोंडाने जमेल असं मला वाटतं, वेळ लागेल.

त्यांना आत घ्या, वन्सं. दुकानात मी बसले आहे, परत पाठवायची घाई नाही.

तुमची भावजय